म्हसतळ्याच्या बांधावरून

॥ श्री ॥

गिरिकुंज सोसायटी, डोंबिवली (पूर्व)
११ नोव्हेंबर २०२४

चि. प्राचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी हो म्हणते. गेल्या खेपेला अशीच हो म्हणून बसले आणि आमच्या सूनबाईने, हेमांगीने, माझं नाव सोसायटीच्या हास्यक्लबात घातलं. तेव्हा लिहिलेलं बरं. इतकी वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, ते कधीतरी माझ्याही कामाला येऊ दे.

तुझा बाप कसा आहे? दौलतला म्हणावं, बहीण एक्याऐंशीची झाली म्हणून तिला भेटायला यायचंच नाही असा काही नियम नाही.

आता कामाचं. आमच्या गेटातून दूधकेंद्रावर जायला समोर सरळ गल्ली आहे. मी तिने जात नाही. उजवीकडे वळते, गिरणीवरून, दवाखान्याच्या मागून, शाळेच्या कुंपणाला धरून, असा मोठा वळसा घालते. सिद्धेशचे बाबा होते तोवर कोणी विचारलं नाही, ते माझ्याबरोबर गुपचूप चालायचे. ते जाऊन आता सहा वर्षं होतील. दिवाळीत सिद्धेश माझ्या मागून गुप्तहेरासारखा लपतछपत आला आणि घरी येऊन म्हणाला, आई, तू रस्ता विसरतेस का. मी म्हटलं, विसरेन कशाला, तळ्यातून कशी जाऊ, बांधावरून जाते. तर तो आणि हेमांगी एकमेकांकडे बघायला लागले.

लगेच मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आले आणि विचारलं, पुढे ऋण संख्या घेऊ का. तरी ते सिद्धेशला बाजूला घेऊन म्हणाले की लक्ष ठेवा. आता सिद्धेश म्हणतो, एकटी बाहेर पडायचं नाही, दिवसभर सोबतीला बाई ठेवू.

प्राची, आमचं गिरिकुंज जिथे उभं आहे (जिथे ना गिरी ना कुंज) तिथे माझ्या लहानपणी म्हसतळं होतं. गावच्या म्हशी त्यात बसायच्या म्हणून म्हसतळं. माझं माहेरचं घर त्याच्या काठावर. हे सांगणारं आता गावात कोणी उरलेलं नाही. दौलतला फोनवर विचारलं तर म्हणतो आठवत नाही. त्याला चौथ्या वर्षीच मामाकडे कोपरीला धाडला होता, त्याला काय आठवणार. पण सिद्धेशला तेवढंच पुरलं.

तू कॉलेजात मुलांना जुने सर्व्हेचे नकाशे दाखवतेस ना? त्यात आमचा उंबरपाडा बघ. मी सिद्धेशला शब्द देऊन बसले आहे. नकाशात तळं असेल तर मी पूर्वीसारखी फिरणार. नसेल तर तो म्हणेल तसं, एकटी गेटाबाहेर पाऊल टाकणार नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय. नसलेलं तळं आठवत असेल तर मग मला दुसरं काय काय नसलेलं आठवतंय, असं मनात येतं आणि भीती वाटते.

सान्वीला पापा. लोभ आहे तेवढा असू दे, कमी पडला तर कळव, इकडे शिल्लक आहे.

तुझी
रंगूआत्या


वर्तकनगर, ठाणे
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायला आठवडा लागला. एवढ्यात तू वळसा घालत घालत चालत आली असतीस. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ही मला अजून चौथीच्या वर्गात बसवते. पुढच्या महिन्यात गुडघा साथ देईल तर येतो म्हणालेत.

नकाशा मिळाला. शंभर वर्षांपूर्वीचा, एका इंचाला एक मैल या मापाचा. आता हे नकाशे इंटरनेटवर बघता येतात, मी कॉलेजात मोठा छापून घेतला आणि टेबलावर पसरला. आत्या, तुला बसवून दाखवायला हवा. आपलं ठाणं म्हणजे तलाव, जेल, स्टेशन आणि चार गल्ल्या. खोपटला, जिथे आता एसट्या उभ्या असतात, तिथे भातशेती. कोपरीच्या पलीकडे मिठागरांचे चौकोन, बाबांच्या मामाचं घर त्याच्या कडेला कुठेतरी असणार. बाबांनी भिंग घेऊन तासभर शोधलं आणि सापडलं म्हणाले. मला तिथे काहीच दिसलं नाही, पण मी हो म्हटलं. हे मी तुझ्याकडून शिकले.

डोंबिवली म्हणजे स्टेशन आणि एक गाव. त्याच्या पूर्वेला उंबरपाडा आहे, अगदी ठळक, सात-आठ काळे ठिपके, म्हणजे घरं. ते बघून मला भरून आलं, कारण त्यातला एक ठिपका तुम्ही.

आता जे लिहायचं ते लिहिताना हात जड झालाय. नकाशात पाणी निळ्या रंगात असतं. मी उंबरपाड्याच्या चहूबाजूंनी बघितलं. खाडी निळी आहे, ओढे आहेत, कल्याणच्या बाजूचे तलाव आहेत. उंबरपाड्याला निळं काही नाही. पाड्याच्या दक्षिणेला नुसती पांढरी मोकळी जागा आहे. लहान तळी कधी कधी नकाशात घेत नसत, तेव्हा नकाशात नाही म्हणजे नव्हतंच असं मी म्हणणार नाही. पण तू विचारलंस नकाशात आहे का, तर मला खोटं लिहिता येत नाही.

रागावू नकोस. सिद्धेशदादालाही मी अजून काही कळवलेलं नाही. तूच काय ते ठरव.

सान्वी तुझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण काढते. माया आटू देऊ नकोस.

तुझी
प्राची


॥ श्री ॥

डोंबिवली
३ डिसेंबर २०२४

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रागावले नाही. खोटं लिहिलं असतंस तर रागावले असते. पत्र मीच सिद्धेशच्या हातात दिलं. तो वाचून माझ्या पायाशी येऊन बसला. मी शब्द पाळला आहे. दूध आता हेमांगी आणते, सरळ गल्लीने, आणि सांगते, आई, बघा किती लवकर आले. सोबतीची बाई अजून मिळालेली नाही, मिळेल. गॅलरीतून गिरणीचं छप्पर दिसतं, ते बघत बसते.

दुपारी झोप लागत नाही. मग तेच सगळं डोळ्यांपुढे येतं. आमच्या घरापुढून बांध जायचा, माणूसभर उंच, वर पायवाट. होळी झाली की तळ्यात चिखलसुद्धा उरायचा नाही, जमीन भेगाळायची. त्या भेगांत आम्ही पोरी चिंचोके लपवायचो आणि तळ्यातच तळ्यात-मळ्यात खेळायचो. आईने तिथेच काकडी आणि टरबुजाचे वेल लावलेले. पहिल्या पावसात सगळं पुन्हा पाण्याखाली.

म्हणून पाण्याला जायचं ते बावीवर. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. शाळेत मी पोरांना विहीरच शिकवली, पण मनात ती अजून बावच आहे. बांध जिथे संपायचा तिथे बाव, काळ्या दगडाने बांधलेली. संध्याकाळचं पाणी आणायचं काम माझं. घरात पाणी संपलं असं आई म्हणाली की कळशी उचलायची आणि बांधावरून निघायचं. हे इतकं लख्ख दिसतं, आणि तू म्हणतेस तिथे पांढरी जागा आहे. असेल बाई.

ह्यांचा चहा कधीचा टेबलावर गार होतोय, तो बदलून देते. पत्र सिद्धेश टाकेल.

लोभ असावा, आता मलाच त्याची गरज आहे.

तुझी आत्या


वर्तकनगर, ठाणे
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि त्याआधी कान धरून माफी.

मी भूगोलाची प्राध्यापिका, आणि निळा रंग शोधत बसले. तुझं पत्र दोनदा वाचलं, होळीला तळं भेगाळायचं ते वाक्य आलं आणि मी जेवण अर्धं टाकून उठले. सर्व्हेवाले पावसाळ्यात कधीच येत नसत. पाऊस सरून वाटा मोकळ्या झाल्या की ते बाहेर पडत आणि उन्हाळ्यापर्यंत काम उरकत. उंबरपाड्याला ते आले तेव्हा तुमचं म्हसतळं कोरडं असणार. कोरड्या तळ्याला निळा रंग कोण देईल? त्यांनी टरबुजाचे वेल बघितले असतील आणि पुढे गेले असतील.

तेव्हा मी पाणी शोधायचं सोडलं आणि बांध शोधला. आत्या, तो आहे. त्या पांढऱ्या जागेला कवेत घेणारी एक काळी वाकडी रेघ आहे, तिला बारीक दाते. मी ती शेताची हद्द समजले होते. तिच्याजवळ मुंगीएवढ्या अक्षरात पाचाचा आकडा आणि पुढे इंग्रजी आर. म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पाच फूट उंच. तू लिहिलंस माणूसभर. पाच फूट म्हणजे तूच की.

मग आजचे रस्ते आणि जुना नकाशा मी एकावर एक ठेवले. गिरणी, दवाखान्याची मागची बाजू, शाळेचं कुंपण, तिन्ही त्या रेघेवर आहेत. तुझा वळसा एका बोटानेही हललेला नाही. गिरिकुंज बरोबर पांढऱ्या जागेच्या पोटात. दर पावसाळ्यात तुमच्या पार्किंगमध्ये स्कूटर तरंगतात आणि गिरणीवाल्याचं पीठ कोरडं राहतं, त्याचं कारण सिद्धेशदादाला आता विचार.

बावही आहे. रेघेच्या पूर्वेच्या टोकाला एक बारीकसं वर्तुळ. आता तिथे नवा टॉवर दिसतो, ती उरली असेल की नाही माहीत नाही.

सोबत त्या जुन्या नकाशावरून गिरवलेला ट्रेसिंग पेपर जोडला आहे. सिद्धेशदादासाठी वेगळी प्रत आहे, त्याला म्हणावं बहिणीने सही करून दिलीय.

बाबांना रेघ दाखवली. आधी म्हणाले आठवत नाही. मग त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, शेवटी वर्तुळापाशी थांबले आणि म्हणाले, रंगूच्या एका कडेवर मी असायचो आणि दुसऱ्या कडेवर कळशी, आणि परत येताना ती मला म्हणायची, हलू नकोस, पाणी सांडेल. इतकं बोलून आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत बसले.

तू खुशाल फीर. तुझा शब्द सुटला. आमच्यावरची माया मात्र सोडू नकोस.

तुझी
प्राची


डोंबिवली
२ मार्च २०२५

ती. दौलतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

प्राची म्हणाली तुम्ही माझ्यावर रुसला आहात. रुसा, तुमचा हक्क आहे. शुक्रवारी मी फोन करून आई तिकडे आली का एवढंच विचारलं आणि नंतर सापडली एवढंच सांगितलं. त्या मधल्या वेळात तुमची काय अवस्था झाली असेल याचा विचार मी केला नाही. फोनवर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून आईच्या पद्धतीने लिहितो.

नकाशा आल्यावर आई पुन्हा तिच्या वाटेने जाऊ लागली. मी हातात कागद धरून एकदा तिच्यामागून ती अख्खी वाट चाललो आणि मला माझी लाज वाटली. सोबतीच्या बाईचा विषय मी बंद केला. पण मामा, तळं खरं निघालं म्हणून बाकीचं सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. तसं नव्हतं. ती बाबांच्या चहाचा कप भरून ठेवायची. प्राचीलाही एका पत्रात तसं लिहिलं होतं, तिने ते आपल्यापाशीच ठेवलं, परवा मला वाचून दाखवलं. आम्ही दोघेही एकमेकांपासून लपवत होतो.

शुक्रवारी आमच्याकडे पाणी येत नाही. दुपारी हेमांगी फोनवर कोणाला तरी म्हणाली, घरात पाण्याचा थेंब नाही. आईने ते ऐकलं. तिला फोनवरचं ऐकू येत नाही पण हे बरोबर ऐकू आलं. हेमांगी आंघोळीच्या बादल्यांचा हिशेब लावत होती तेवढ्यात ही स्टीलची कळशी घेऊन निघून गेली. तासाने लक्षात आलं. मी ऑफिसातून धावत आलो. गेटवरचा वॉचमन बिहारचा, नवीन. तो म्हणाला, माताजी बोल के गयी, भाई के पास जा रही हूँ. हातात कळशी होती म्हणून त्याला वाटलं भावाकडे काही भेट घेऊन चाललीय.

म्हणून तुम्हाला फोन. म्हणून रसिकाला मी स्टेशनवर पाठवलं. तिने ठाण्याच्या बाजूचे दोन्ही फलाट पालथे घातले. लेक बारावीची, परीक्षा चालू, आजीचा फोटो दाखवत फिरत होती. मी रिक्षा स्टँडवर होतो. एकेका रिक्षावाल्याला विचारत होतो.

मग प्राचीचा फोन आला. तिने विचारलं, वॉचमन नेमकं काय म्हणाला ते शब्द सांग. मी सांगितले. ती म्हणाली, दादा, आत्या भाईकडे गेली नाही. बावीकडे गेली. बावीकडे जाते असं ती म्हणाली, त्याला भाईकडे ऐकू आलं. बांधाच्या पूर्वेच्या टोकाला जा.

मामा, मला बाव हा शब्दच माहीत नव्हता. माझ्या आईचा शब्द, आणि मला तो ठाण्याहून कळला. मी वाढलो कल्याणला, आई घरात शाळेतलं मराठी बोलायची, तिचं तिच्या गावचं बोलणं तिने आम्हाला कधी दिलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही.

मी वळशाने धावत गेलो, गिरणी, दवाखाना, शाळा. टॉवरच्या पार्किंगच्या मागे भिंत आहे, भिंतीपलीकडे एक लोखंडी जाळी, खाली काळे दगड. बाव आहे, मामा. जाळीवर कोणीतरी झेंडूची माळ ठेवली होती, ताजी. आई काठावर बसली होती, कळशी मांडीत. मला बघून म्हणाली, दोर नाही रे, दोर घेऊन ये. मी तिच्या शेजारी बसलो. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिला कळलं. ती रडली नाही, तिने कळशी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, उगाच तुला त्रास दिला. मी म्हटलं, त्रास कसला, मी बाव बघायला आलो. येताना आम्ही बांधावरून आलो.

आता डॉक्टरांची औषधं चालू आहेत. ते म्हणतात हे हळूहळू वाढेल. मी तिला कोंडून ठेवणार नाही. रोज संध्याकाळी तिच्याबरोबर जातो, मी नसेन तेव्हा रसिका किंवा हेमांगी. ट्रेसिंगची एक प्रत वॉचमनला दिली आहे, आणि बाव म्हणजे काय हेही शिकवलं आहे. तो म्हणाला, हमारे गाँव में भी कुआँ है.

तुमचा गुडघा बरा असेल तर या. ती तुमची वाट बघते, तोंडाने म्हणत नाही. भाच्यावरचा राग ओसरला की आशीर्वाद पाठवा, मी इथे हात जोडून उभा आहे.

आपला
सिद्धेश


॥ श्री ॥

डोंबिवली
२० एप्रिल २०२५

चि. प्राचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दौलत येऊन गेला. गुडघ्याला पट्टा बांधून पूर्ण बांध चालला. मी त्याला म्हटलं, आता कडेवर घेता येणार नाही हं. तर म्हणाला, हात तरी धर. मग दोघे हात धरून गेलो, गिरणीवाला दुकान सोडून बघायला आला. बावीपाशी सिद्धेशने झेंडू ठेवला. रोज कोण ठेवतं ते अजून कळलेलं नाही, विचारायलाही जाऊ नये असं मला वाटतं.

माझं काय चाललंय ते मला ठाऊक आहे. लोक हळू आवाजात बोलतात पण मी मास्तरीण होते, मागच्या बाकावरची कुजबुज मला नेहमीच ऐकू यायची. चांगले दिवस असतात, आज चांगला आहे, म्हणून आजच लिहून घेते. वाईट दिवशी मला गिरणी दिसत नाही, बांध दिसतो. तिथपर्यंत ठीक आहे, बांधावरून मी पडणार नाही. पण परवा परतताना गेटापाशी आले आणि पाय पुढे पडेना. समोर तळं. त्यात शिरू कशी? रसिकाने हाक मारली म्हणून आले.

घरी आल्यावर तुझा ट्रेसिंग कागद मागून घेतला. त्यात सगळं आहे गं. पाडा आहे, बांध आहे, बाव आहे, आमच्या जुन्या घराचा ठिपका आहे. फक्त जिथे सिद्धेश राहतो, हेमांगी राहते, रसिका राहते, तिथे पांढरं. त्या सर्व्हेवाल्या साहेबाचा दोष नाही, तेव्हा तिथे टरबुजं होती. पण मला शेवटी राहायचं ते तिथेच.

तेव्हा मी तिथे पेन्सिलीने एक ठिपका काढला आणि शेजारी लिहिलं, घर. सिद्धेश म्हणाला, दे, मी शाईने करतो. मी म्हटलं, नको, तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, नकाशाचं काम प्राचीचं. पेन्सिलीचं पुसलं जातं, हे मीच पोरांना सांगत आले. तू ते शाईने गिरव.

कागद पोस्टाने पाठवत नाही, गहाळ झाला तर मी येऊ कुठे? तूच ये, दौत घेऊन. सान्वीलाही आण, भाकरी करते. मी बांधावर असले तर त्या ठिपक्यावरून हाक मार.

लोभ आहेच. मी विसरले तर तू आठवण करून दे.

तुझी
रंगूआत्या